वाचकांचे प्रश्न : संग्रहालयाच्या तिकिटात कुणाला, कुठे, किती सवलत?

सहलींचा आणि सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की तिकिटांच्या सवलतींबद्दल पत्रं येऊ लागतात. त्यांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. उत्तरांतले दर मोठ्या भारतीय माणसाचे आहेत. जिथे दर वेगळे आहेत, तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. डिसेंबरमध्ये नववीच्या ६२ मुलांची सहल वेरूळ आणि दौलताबादला न्यायची आहे. सोबत आम्ही चार शिक्षक. शाळेच्या सहलीला तिकीट माफ असतं असं काही जण म्हणतात, शिक्षकांना निम्मं असतं असंही ऐकलं. खरं काय?

शिक्षकांना निम्मं ही निव्वळ ऐकीव गोष्ट. वेरूळ आणि दौलताबाद ही दोन्ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि त्यांच्या दरपत्रकात ‘शिक्षक’ असा रकानाच नाही. तिथे दोनच गोष्टी बघतात, वय आणि नागरिकत्व. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मग ती शाळेबरोबर येवोत की आईवडिलांबरोबर.

ऑगस्ट २०१८ पासूनचे दर असे : वेरूळसारख्या जागतिक वारसास्थळाला ४० रुपये, रोख न देता ऑनलाइन किंवा क्यूआर कोडने भरल्यास ३५. दौलताबाद दुसऱ्या गटात येतं, तिथे २५ आणि २०.

आता नववीचा घोळ. शाळा हिशेब इयत्तेवर करते, तिकीट खिडकी जन्मतारखेवर. सहाव्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल नववीत जूनमध्ये चौदाचं असतं आणि वर्षभरात कधीतरी त्याला पंधरा पूर्ण होतात. डिसेंबरपर्यंत वर्गातल्या बऱ्याच मुलांचे पंधरावे वाढदिवस उलटून गेलेले असतात. पंधरा पूर्ण झाली, की पूर्ण तिकीट. दहावीची सहल असेल तर जवळजवळ सगळ्यांचंच तिकीट धरून चाला.

म्हणून यादी हजेरी क्रमांकाने करू नका, जन्मतारखेने करा. सहलीच्या तारखेला पंधरा पूर्ण झालेली मुलं वर, बाकीची खाली, मध्ये एक जाड रेघ. रकाने चारच पुरेत : नाव, इयत्ता, जनरल रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख, सहलीच्या दिवशीचं वय. खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. दोन प्रती घ्या, एक खिडकीवर द्यायला आणि एक स्वतःजवळ. पुष्कळ शाळांच्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता, रक्तगट सगळं असतं, फक्त जन्मतारीख नसते. खिडकीवर वाद होतो तो यावरूनच. यादीवर जन्मतारखा असल्या की तो तिथेच मिटतो.

समजा ६२ पैकी २० मुलं पंधरा ओलांडलेली निघाली. २० मुलं आणि ४ शिक्षक मिळून २४ तिकिटं. ऑनलाइन काढली तर वेरूळचे ८४० आणि दौलताबादचे ४८०, एकूण १,३२० रुपये. हीच २४ तिकिटं रोखीने काढली तर १,५६०. आणि कुणीही वय न विचारता ६६ डोकी मोजून रोख पैसे भरले तर ४,२९०. गर्दीत ‘सर, सगळ्यांची काढून टाका’ म्हणणारा एखादा तरी निघतोच.

ऑनलाइन तिकीट काढताना पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत पोर्टलवरूनच काढा. नावाने आणि रंगाने तशाच दिसणाऱ्या खासगी साइट वर सेवाशुल्क लावतात. तिकीट तारखेचं असतं, सहल पुढे गेली तर पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे सहलीची परवानगी आणि गाडी पक्की झाल्याशिवाय काढू नका. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट दोघा शिक्षकांच्या फोनमध्ये ठेवा. फाटकावर नेटवर्क दगा देतं तेव्हा स्क्रीनशॉट चालतो, ‘मेलमध्ये आहे’ चालत नाही.

वार बघून घ्या. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. दोन्ही एकाच सहलीत बसवायचं असेल तर हे दोन वार आधी कॅलेंडरवर खोडा आणि मगच गाडी ठरवा.

खरी मोठी सवलत तिकिटात नाही, गाडीत आहे. शालेय सहलीसाठी एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने, घेतली तर भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावाने, शाळेच्या लेटरहेडवर करायचा. सोबत मुलांची यादी आणि शिक्षण खात्याच्या परवानगीची प्रत जोडायची. किलोमीटर आगारापासून आगारापर्यंत मोजले जातात, शाळेपासून नव्हे, हे अंदाजपत्रकात धरा. डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळांना गाड्या हव्या असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधीच अर्ज टाकलेला बरा.

प्रश्न : ठाण्याहून एक दिवस मुंबईत घालवायचा आहे. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८), मुलं ४ आणि ११ वर्षांची. कुठे ‘फॅमिली तिकीट’ मिळतं का?

परदेशी संग्रहालयांत दोन मोठे आणि दोन मुलं असं एक बांधीव तिकीट असतं. आपल्याकडे ती पद्धत फारशी रुजलेली नाही. आपल्याकडे प्रत्येकाचा वेगळा दर आणि त्याची बेरीज. म्हणजे सवलत शोधायची ती माणसागणिक.

फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे विश्वस्त संस्थेचं आहे, त्यामुळे दर सरकारी नाहीत, चांगलेच जास्त आहेत. पण गट बरेच आहेत : लहान मुलं, ओळखपत्र असलेले विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, सैन्यदलातले. तुमच्या चार वर्षांच्या मुलाचं तिकीट पडणार नाही, अकरा वर्षांच्याला मुलांचा दर, सासूबाईंना ज्येष्ठांचा. त्यांचं आधार कार्ड सोबत ठेवा, फोटोकॉपी नको. खिडकीवर ‘पाच तिकिटं द्या’ म्हणू नका, ‘दोन मोठे, एक ज्येष्ठ, एक अकरा वर्षांचा, एक चार वर्षांचा’ असं सांगा. सवलत मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि तिकीट फाडल्यावर बदलूनही देत नाही.

समोरच, रस्ता ओलांडून, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. हे केंद्र सरकारचं. तिकीट २० रुपये, मुलांना आणि विद्यार्थ्यांना माफ. पाच जणांच्या घराला तिथे साठ रुपये लागतात. सोमवारी बंद. एकाच दिवशी दोन्ही करायची तर आधी मोठं संग्रहालय, कारण मुलांचा उत्साह सकाळी असतो.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महानगरपालिकेचं, तिकीट खिशाला अजिबात न जाणवणारं. बुधवारी बंद. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मात्र एक फसगत होते : प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि आतल्या शोचं वेगळं. गेटवर प्रवेशाचा आकडा बघून ‘स्वस्त आहे’ म्हणणारं कुटुंब आत तीन शोंची तिकिटं काढतं आणि बजेट दुप्पट होतं. मुलांना आधीच सांगून ठेवा, एकच शो. विज्ञान केंद्र वर्षात होळी आणि दिवाळी हे दोनच दिवस बंद असतं, त्यामुळे बाकी काही ठिकाणं बंद असलेला सोमवार याच्यासाठी राखून ठेवता येतो.

प्रश्न : एलिफंटाला मुलांना तिकीट नाही असं वाचलं. म्हणजे चौघांच्या घराला फक्त दोनच तिकिटं?

लेण्यांची दोनच, ४० रुपयांप्रमाणे. पण गेट वेवरून सुटणाऱ्या लाँचचं भाडं वेगळं, बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा कर वेगळा आणि छोट्या गाडीत बसलात तर तेही वेगळं. पुरातत्त्व खात्याची माफी खात्याच्या फाटकापुरती असते. अजिंठ्यालाही तेच : फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावावी लागते, पुढचे चार किलोमीटर बसने. तो खर्च लेण्यांच्या तिकिटात नाही. एलिफंटाही सोमवारी बंद असतं, आणि दर सोमवारी कुणीतरी गेट वेवर येऊन परत जातंच.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. तो आणि सून आता अमेरिकन नागरिक आहेत, दोघांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. नातू १३ वर्षांचा. अजिंठ्याला त्यांना परदेशी दर लागेल का? तिघांचे मिळून फार पैसे होतात.

लागणार नाही. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय स्मारकं, ऐतिहासिक स्थळं आणि संग्रहालयं यांच्या प्रवेशशुल्कात ओसीआय कार्डधारकांना भारतीय नागरिकांच्या बरोबरीने धरायचं आहे. अजिंठ्याला परदेशी दर ६०० रुपये, भारतीय दर ४०. मुलगा आणि सून यांचे मिळून १,२०० ऐवजी ८० रुपये. नातू पंधराच्या आतला, त्याचं तिकीटच नाही. १५ वर्षांखालची माफी परदेशी मुलांनाही आहे.

चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली, कार्ड न्यू जर्सीत नाहीतर पुण्याच्या घरच्या कपाटात आणि हातात फक्त निळा अमेरिकन पासपोर्ट. मग खिडकीवरचा माणूस परदेशी दर लावणारच. मूळ कार्ड खिशात हवं. दुसरी, ऑनलाइन तिकीट काढताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात सवयीने ‘परदेशी’ निवडतात. तसं तिकीट एकदा निघालं की फरकाचे पैसे परत मागण्यात अर्धा दिवस जातो. ऑनलाइनबद्दल शंका असेल तर या दोघांची तिकिटं खिडकीवर कार्ड दाखवून काढा आणि पैसे क्यूआरने भरा.

सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांची संघटना) यांतल्या देशांच्या नागरिकांनाही भारतीय दरच लागतो. म्हणजे सोबत नेपाळी मित्र आला तर त्याचेही ४० च.

प्रश्न : वर्षातून काही दिवस सगळ्यांना प्रवेश मोफत असतो म्हणे. शाळेची सहल त्याच दिवशी नेली तर?

१८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. १९ नोव्हेंबर, वारसा सप्ताहाचा पहिला दिवस. या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना सहसा तिकीट नसतं. ८ मार्चला महिलांना माफी दिली जाते. खात्याचा आदेश दरवर्षी निघतो, आणि तोही ऐन वेळी.

सहल मात्र त्या दिवशी नेऊ नका. पहिल्या उत्तरातला हिशेब बघा : ६६ जणांचे १,३२० रुपये वाचवायला तुम्ही अशा दिवशी जाल, जेव्हा कैलास लेण्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसेल, मुलं मोजताना तुमचा जीव वरखाली होईल आणि समजावून सांगितलेलं मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही. माणशी वीस रुपये ही गप्प उभं राहून बघता येण्याची किंमत आहे असं समजा. एकट्यादुकट्याने, घराजवळच्या ठिकाणी, सकाळी उघडताक्षणी जायचं असेल तर फुकटचा दिवस उत्तम.

प्रश्न : आम्ही नाशिकहून तीन महिन्यांसाठी शिकागोजवळ मुलीकडे चाललो आहोत. ती तिथल्या सरकारी शाळेत शिकवते, शिवाय रविवारी मराठी शाळेतही. नातवंडं ६ आणि ९ वर्षांची. तिकडे संग्रहालयांची तिकिटं फार महाग असतात असं कळलं. काय करता येईल?

तिकडे शिक्षकांना खरोखरच सवलत आहे, आणि ती व्यक्तीला आहे, शाळेच्या पत्राला नव्हे. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट इलिनॉय राज्यातल्या शिक्षकांना मोफत प्रवेश देतं. आधी त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची आणि दारात ओळखपत्र दाखवायचं. १४ वर्षांखालच्या मुलांना तिथे तसंही तिकीट नाही. म्हणजे मुलगी आणि दोन्ही नातवंडं फुकट, तिकीट फक्त तुम्हा दोघांचं आणि जावयांचं. तुमचं वय ६५ च्या पुढे असेल तर ज्येष्ठांचा दर मिळतो, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. रविवारच्या मराठी शाळेच्या जोरावर मात्र ही सवलत मागू नये. तिला तिच्या नेहमीच्या शाळेचं ओळखपत्र पुरेसं आहे. मराठी शाळेची मुलं न्यायची असतील तर गटाचं आरक्षण वेगळं करावं लागतं.

इलिनॉयमध्ये एक कायदाही आहे : उद्यान प्राधिकरणाच्या जागेवर उभ्या असलेल्या मोठ्या संग्रहालयांनी वर्षातले ५२ दिवस राज्यातल्या रहिवाशांना मोफत प्रवेश द्यायचा. मुलगी-जावई रहिवासी, तुम्ही पाहुणे. पुरावा म्हणून इलिनॉयचं ओळखपत्र मागतात आणि ते तुमच्याकडे नसतं. कुटुंब फाटकावर येऊन पोचतं आणि आजीआजोबांचं पूर्ण तिकीट पडतं, ते यामुळे.

तीन महिने राहणार असाल तर सदस्यत्वाचा विचार करा. हिशेब सोपा : एका भेटीला सगळ्यांचं मिळून जे तिकीट होतं त्याने वर्षाच्या सदस्यत्वाला भागा. उत्तर तीनच्या आत आलं तर सदस्यत्व घ्या, कारण तीन महिन्यांत नातवंडं तीनदा तरी जाणारच. पण अर्ज भरण्याआधी त्यात कुणाकुणाची नावं बसतात ते वाचा. कौटुंबिक सदस्यत्वात दोन मोठ्यांची नावं ठरलेली असतात, बाकी मुलं. ती दोन नावं मुलगी-जावयाची टाकली तर शाळा-ऑफिसच्या दिवशी नातवंडांना घेऊन तुम्ही गेलात की तुमचं तिकीट लागतं. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः लहान मुलांच्या संग्रहालयांत, थोडे पैसे जास्त भरून ‘केअरगिव्हर’ किंवा ‘गेस्ट’ जोडता येतो. ते नाव ठरलेलं नसतं, कुणीही मोठं माणूस मुलांबरोबर जाऊ शकतं. आजीआजोबांसाठी घ्यायचा तो हाच प्रकार.

विज्ञान केंद्राचं सदस्यत्व घेतलंत तर ते एएसटीसी पासपोर्ट योजनेत (विज्ञान केंद्रांच्या संघटनेची, एकमेकांच्या सदस्यांना प्रवेश देण्याची योजना) आहे का विचारा. असेल तर दुसऱ्या राज्यात फिरायला गेल्यावर तिथल्या सहभागी केंद्रांतही प्रवेश मोफत. अट नव्वद मैलांची आहे : ज्या केंद्रात जायचं ते तुमच्या मूळ केंद्रापासून आणि तुमच्या घरापासून, दोन्हीकडून, नव्वद मैलांपलीकडे हवं. मैल सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नव्हे. सदस्यत्वाचं कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दोन्ही लागतात. यात फक्त साधा प्रवेश येतो, तारांगण किंवा मोठ्या पडद्याचा चित्रपट येत नाही. मुलांच्या संग्रहालयांचं वेगळं जाळं आहे, त्यात सहा जणांपर्यंत निम्मा दर लागतो.

आणि मुलीच्या गावच्या वाचनालयात चौकशी करा. अमेरिकेत अनेक सार्वजनिक वाचनालयं पुस्तकासारखे संग्रहालयांचे पास देतात. ते सुट्टीच्या आठवड्यांत आधीच गेलेले असतात, तेव्हा पोचल्या पोचल्या नाव लावा.

प्रश्न : मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मे महिन्यात पत्नी आणि दोन मुलांसह (१२ आणि १६) लंडन-पॅरिस करणार. मोठी मुलगी, वय २३, लियॉनला शिकते, ती पॅरिसला येऊन भेटेल. शिक्षक म्हणून मला काही मिळेल का? आंतरराष्ट्रीय शिक्षक ओळखपत्र काढावं का?

लंडनमध्ये सवलतीचा प्रश्नच येत नाही. ब्रिटिश म्युझियम, विज्ञान संग्रहालय, नॅचरल हिस्टरी, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट या सगळ्यांत कायमच्या दालनांना प्रवेश मोफत आहे. वेळेचं शून्य पौंडांचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, रांग वाचते. विशेष प्रदर्शनांना पैसे लागतात.

लूव्रमध्ये शिक्षकांचा पास आहे, पण तो फ्रान्सच्या शिक्षणखात्यातल्या शिक्षकांचा. तुम्हाला लागू नाही. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून (म्हणजे युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनस्टाइन सोडून इतर देशांतून) आलेल्या पाहुण्यांना तिकीट ३२ युरो झालं आहे, म्हणजे तुमचं आणि पत्नीचं ६४. अठराखालच्यांना, कुठल्याही देशाचे असोत, तिकीट नाही, तेव्हा १२ आणि १६ वर्षांची दोन्ही मुलं मोफत. मात्र त्यांचीही वेळ तुमच्याबरोबरच आरक्षित करा, नाहीतर तुम्ही आत आणि मुलं बाहेर अशी गत होते.

मोठ्या मुलीचं उत्तर बहुतेकांना सुचत नाही. १८ ते २५ वयाच्या, युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या तरुणांना लूव्र मोफत आहे. इथे नागरिकत्व बघत नाहीत, वास्तव्य बघतात. ती फ्रान्समध्ये विद्यार्थी म्हणून राहते, तिचं वास्तव्याचं कार्ड हाच पुरावा. भारतीय पासपोर्ट दाखवला तर ३२ युरो, वास्तव्याचं कार्ड दाखवलं तर शून्य. तिने आरक्षण त्याच गटात करावं आणि मूळ कार्ड आणावं.

आंतरराष्ट्रीय शिक्षक ओळखपत्र पूर्णवेळ शिक्षकांना मिळतं आणि युरोपात काही ठिकाणी चालतं, पण तुमच्या या प्रवासात त्याची किंमत वसूल होणार नाही. लंडनला गरज नाही, लूव्रला उपयोग नाही. पुढे कधी युरोपातली आणखी शहरं करायची ठरली तर आधी तिथल्या दोन-तीन संग्रहालयांच्या दरपत्रकात त्या कार्डाचं नाव आहे का बघा आणि मगच काढा. लूव्र मंगळवारी बंद असतं, तेव्हा पॅरिसचे दिवस तो वार टाळून ठरवा.